जावयाने जोडलेला कॉम्प्युटर

“सेम ही है.”

हे तीन शब्द कानावर पडले की शर्मिष्ठाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि का जाऊ नये? तिच्या ताईचा नवरा लोकेश, त्याच्या तोंडी दुसरं काही नसायचंच. लग्नात ठरलेला बँड आला नाही, भलताच कुठला तरी आला, तर म्हणे सेम ही है. बाबांसाठी ब्लडप्रेशर मोजायचं मशीन मागवलं, सांगितलेलं सोडून कुठलंसं आणलं, ते तिसऱ्या दिवशी मेलं, तरी म्हणे सेम ही है मम्मीजी, बल्कि उससे अच्छा. आणि घरातली दोन्ही मोठी माणसं नंदीबैलासारखी माना हलवायची. काहून? तर जावई आहे! जावई झाला म्हणून त्याने वाट्टेल ते गळ्यात मारावं आणि आपण वर त्याच्या पायावर पाणी घालावं?

यशवंतराव बोंड्यांच्या घरात असंच होतं. माणूस वर्ध्याकडचा, रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आला, भनपुरीत दोन खोल्या बांधल्या, पुढे वर मजला चढवला आणि रिटायर होऊन इथलाच झाला. घरापुढे ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, मागे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची धुराडी. गच्चीवर पांढरा कपडा वाळत घालायचा नाही, हे या घरातल्या पोरींना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं, कारण संध्याकाळपर्यंत त्यावर काळी भुकटी बसायची. थोरली राधिका लग्न होऊन रायपुरातच, पंडरी भागात गेली. तिथे लोकेशचं कॉम्प्युटरचं दुकान. धाकटी शर्मिष्ठा नया रायपूरच्या एका कंपनीत कामाला. रोज बस धरून ती त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या नव्या राजधानीत जायची, दिवसभर जमिनींच्या नकाशांचे आकडे भरायची आणि घरी आली की गेम खेळायची.

हो, गेम! बंदुकीचा, चार गड्यांसोबत टीम करून खेळायचा गेम. नागपूरचे दोघं, बिलासपूरचा एक, इंदूरची एक मुलगी आणि पाचवी ही. यात तोंड वाकडं करण्यासारखं काय आहे? पण पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया करायच्या. “लग्नाच्या वयाची पोट्टी अन् घरात बसून ठो ठो करून राहिली.” शर्मिष्ठाचा नेम अख्ख्या टीममध्ये पक्का होता, पण जुना लॅपटॉप ऐन मोक्याला गोठायचा. समोरचा शत्रू बंदूक रोखून उभा आणि हिच्या पडद्यावर चित्र बंद. चार जण कानात ओरडायचे, दीदी, क्या कर रही हो! ही इकडे दात-ओठ खात बसायची.

म्हणून तिने ठरवलं, आपल्या पगाराचा, आपल्या पसंतीचा एक जबरदस्त कॉम्प्युटर जोडायचा. एकेक भाग निवडून. आजवर तिची पसंती कोणी विचारली होती? शाळा बाबांनी ठरवली, कॉमर्स मामांनी, कानातले आईने, आणि नोकरीसुद्धा बाबांच्या ओळखीच्या साहेबांनी सांगितली म्हणून. ही एक गोष्ट तिला स्वतःची हवी होती. बास, एवढंच.

आणि निवड करताना पोरीने काय डोकं लावलं! पैसा उधळायचा नाही, पण जिथे लावायचा तिथे हात आखडायचा नाही. महिनोन्महिने व्हिडिओ पाहिले, टीमच्या पोरांशी भांडली, शेवटी तिचं तिला उमगलं. गेमचं चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड, तर सगळ्यात जास्त पैसा त्यावर. प्रोसेसर मधल्या दर्जाचा पुरतो, सगळ्यात वरचा घेणं म्हणजे नुसती शान. मेमरी आता लागेल तेवढी, पुढे वाढवता येते. रंगीबेरंगी दिवे तर अजिबात नाहीत. दिव्यांनी नेम सुधारतो का? हे सगळं बसवायचा डबा काचेचा नको, जाळीचा हवा, समोर धुळीची गाळणी असलेला, कारण ही भनपुरी आहे, इथे हवेतून लोखंड उडतं. आणि सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, तो मात्र नावाजलेला आणि दणकट. इथली लाइट कारखान्यांबरोबर वरखाली होते; तो हलका निघाला तर बाकीचं सगळं घेऊन मरतो. टीममधला नागपूरचा गौतम म्हणाला होता, त्यावर कोण खर्च करतं, तो तर दिसतही नाही. ती म्हणाली, म्हणूनच करायचा.

त्या वर्षी कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. कॉम्प्युटरवर आभासी नाणी खणणाऱ्यांनी बाजारातली कार्डं पोत्याने उचलली होती आणि दिवसरात्र तापवत ठेवली होती. शर्मिष्ठा थांबली. हिवाळा काढला, होळी काढली. भाव उतरायला लागले तशी ती नागपूरच्या एका दुकानातून मागवणार, तेवढ्यात तो अधिक महिना आला.

अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी एकदा येणारा. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, कपडे करायचे, आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे रचून वर तुपाचा दिवा ठेवून ते वाण त्याच्या हाती द्यायचं. राधिकाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. वनमालाबाईंनी, म्हणजे आईने, तांदूळ आधीच भिजत घातले होते.

“नागपूरहून?” यशवंतराव जेवता जेवता थांबले. “घरचं दुकान असतानी नागपूरहून?”

“बाबा, मले पाहिजे ते सामान तिथं भेटते. जिजाजीकडे नाही भेटत.”

“धोंड्याच्या महिन्यात जवायाचं दुकान सोडून बाहेरून आणशील? त्याच्या कानावर गेलं तं तो जेवाले येईन का? अन् मंग तुया ताईनं तिथं कसं राहायचं?”

“म्हणजे ताईच्या नावानं मी काहीबी घ्यायचं?”

“काहीबी काहून? तू सांगशील तेच देईन ना तो. घरचा माणूस आहे.”

घरचा माणूस! शर्मिष्ठाने भांडण केलं, ताट सरकवलं, बाहेर जाऊन ओट्यावर बसली. मग राधिकाचा फोन आला. ती फार काही बोलली नाही. “घेऊन टाक ना त्यायच्याकडून,” एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही पडेल होता की शर्मिष्ठाचा सगळा जोर गेला. ताईसाठी ती काहीही करायची. लहानपणी बाबांच्या माराच्या मध्ये राधिकाच येऊन उभी राहायची.

तर ती दुकानात गेली आणि लोकेशला एकेक भाग नीट समजावून सांगितला. पैसे आधीच दिले, पुरते दिले. “जिजाजी, बाकी एखाद्याला उशीर झाला तं चालेन. पण पॉवर सप्लाय हाच पाहिजे. अन् कार्ड नवंकोरं, डब्यातलं.”

“हव, हव,” लोकेश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. “साली साहिबा का ऑर्डर है. सब वही आएगा.”

तो मराठी बोलायचा नाही. समजायचं सगळं, घरी आईबाप मराठीच बोलायचे. पण हा हिंदीतच उत्तर द्यायचा. बोलू दे बापा हिंदी. पण खरं तर बोल!

मशीन आलं ते लोकेशच्या गाडीत मागे, राधिकाच्या मांडीवर. शर्मिष्ठाने पाहिलं आणि ती दारातच थिजली. काचेचा डबा. आत लाल, हिरवे, जांभळे दिवे.

“हे मी नव्हतं सांगितलं.”

“अरे, ये मेरी तरफ से! जाली वाला कौन लेता है आजकल? गोदाम का माल दिखता है.” त्याने बटण दाबलं तसे दिवे धावायला लागले आणि वनमालाबाईंनी तोंडावर हात ठेवला. “अव माय! देवघरापेक्षा छान दिसून राहिलं.” लगेच हळदकुंकू आणून त्या काचेला लावलं. यशवंतराव खुर्चीतून उठून वाकून पाहत होते. असं कौतुक त्यांनी शर्मिष्ठाच्या पहिल्या पगाराचंही केलं नव्हतं.

“अन् धूळ?”

“कपड़ा मार देना.” लोकेशने मागच्या स्क्रूवर चिकटवलेला छोटा चंदेरी कागद दाखवला. “बस, इसको मत खोलना. खोला तो वारंटी खतम.”

शर्मिष्ठाने पडद्यावर सगळं तपासलं. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, कार्डाचं नावही तेच. काय म्हणणार? आई तोवर राधिकाचे हात धरून पाटल्या निरखत होती. त्या पाटल्या म्हणजे यशवंतरावांच्या आईचं सोनं, लग्नात मोडून राधिकासाठी घडवलेलं. “जवाईबापूनं पालिश करून आणल्या, पाहा कशा झळकून राहिल्या. लग्नात नव्हत्या अशा झळकत.” राधिकाने हात सोडवून घेतला. मनगटावर हिरवट डाग होता. आईने विचारलं तर म्हणाली, भांड्याच्या पावडरीचा आहे.

पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर बंद पडला.

साधं काही चालवलं तर चालायचा. गेम लावला, लढाई जोरात आली, की खट्ट आवाज आणि सगळा अंधार. दिवेसुद्धा गुल. परत लावावा, परत खट्ट. टीमची निवड-स्पर्धा तोंडावर आलेली, आणि पोरं म्हणाली, दीदी, तुम्हारा पुराना लैपटॉप ही ठीक था. लोकेशला फोन केला तर, “भनपुरी की लाइट ही ऐसी है. मैं क्या करूँ, बिजली विभाग का जवाई हूँ क्या?” आणि स्वतःच हसला. शर्मिष्ठाने फोन कापला.

धोंड्याच्या जेवणाचा रविवार उजाडला. कूलर आग ओकत होता, स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, आणि वरच्या खोलीत शर्मिष्ठाने पेचकस घेतला आणि तो चंदेरी कागद टरकन फाडला. वारंटी गेली खड्ड्यात!

पॉवर सप्लाय हातात घेतल्याबरोबर तिला कळलं. तो इतका हलका होता की आत काही आहे की नाही असं वाटावं. वर कुठल्या तरी अनोळखी नावाचा कागद, त्यावर हवे तेवढे वॅट छापलेले. छापायला काय जातं? मग तिने कार्ड काढलं. वरून लख्ख, पुसलेलं. पण पंख्याच्या आत, त्या पातळ पातळ पत्र्यांच्या मध्ये, तेलकट काळी धूळ ठासून भरली होती. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे. ही धूळ काय आठवडाभराची होती? या घरात जन्म गेला होता तिचा. कोणती धूळ किती दिवसांची हे तिला कोणी सांगायला नको होतं. हे कार्ड वर्षभर कुठेतरी दिवसरात्र तापून निघालं होतं.

पडद्यावर जे दिसतं ते सगळं बरोबर. जे दिसत नाही ते सगळं बदललेलं. चोराने किती हिशेबाने चोरी केली होती!

ती तशीच खाली आली, दोन्ही वस्तू हातात घेऊन. आई अनारसे रचत होती. शर्मिष्ठाने सगळं सांगितलं. पॉवर सप्लायचं वजन, कार्डातली धूळ, सगळं. वनमालाबाईंचा चेहरा उतरला, पण त्या कशामुळे घाबरल्या? फसवणुकीमुळे नव्हे.

“आजचा दिवस पोटात ठेव व माय. हात जोडतो मी तुले. जेवून जाऊ दे त्याले. ताईकडे पाहून गप्प राय.”

“ताईकडे पाहून! नेहमी ताईकडे पाहून! त्याले कोणी सांगत नाही का व, ताईकडे पाहून नीट वाग म्हणून?”

“हळू बोल. पोचतच असतीन ते.”

शर्मिष्ठाने त्या दोन्ही वस्तू फडताळावर आदळल्या. पण गप्प राहायचं कबूल केलं. ताईसाठी.

लोकेश आला तो पांढऱ्या कडक शर्टात. राधिका मागे, डोक्यावर पदर, हातात पाटल्या. यशवंतरावांनी स्वतः, गुडघे दुखत असताना, खाली बसून ताम्हनात त्याचे पाय धुतले. शर्मिष्ठा दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. तिच्या बापाने रेल्वेत साहेबांपुढे कधी मान वाकवली नव्हती, आणि आज या माणसाच्या टाचा चोळत होता.

वाण दिलं, दिवा ओवाळला. लोकेश पाटावर बसला. ताट वाढलं. राधिका तुपाची वाटी घेऊन वाढायला उभी. पहिला घास तोंडात जायच्या आधी हा म्हणतो काय?

“और साली साहिबा, कंप्यूटर चल रहा है ना?”

आईने शर्मिष्ठाकडे पाहिलं. शर्मिष्ठा म्हणाली, “नाही.”

“खोला क्या तुमने?”

“हो. आज खोलला.”

“देखो पापाजी!” लोकेशने हात आडवे केले. “मैंने बोला था मत खोलना. अब लड़कियाँ पेचकस लेकर बैठेंगी तो मशीन खराब ही होगी ना? लाइट अपनी खराब, हाथ अपने खराब, और नाम दुकान का. चलो, भेज देना, बना दूँगा. आपसे थोड़ा ही लूँगा, बस सामान का चार्ज.”

“हव जवाईबापू,” यशवंतराव म्हणाले. “चुकलं पोरीचं. लहान आहे.”

चुकलं! सत्तावीस वर्षांची लेक, आपल्या पगाराचं मशीन, आणि चुकलं हिचं! शर्मिष्ठा मागे वळली, फडताळावरून पॉवर सप्लाय आणि कार्ड दोन्ही उचललं, आली आणि पॉवर सप्लाय जावयाच्या ताटात, बरोबर पुरणपोळीवर, ठेवला. वरणाचा ओघळ पाटापर्यंत गेला.

“घ्या जिजाजी. उचलून पाहा. रिकामा डबा आहे. अन् हे तुमचं नवंकोरं कार्ड.” कार्ड तिने वाणाच्या ताटात, दिव्याशेजारी टाकलं. “धुळीनं भरलेलं. माह्या नवीन कार्डाचे पैसे घेतले अन् मले हे दिलं. धोंड्याचं वाण मी देऊन राहिली तुमाले. चोराले वाण!”

“शर्मिष्ठा!” यशवंतराव ओरडले. असे ओरडले की बाहेर गोदामाकडे जाणारे दोन हमाल थांबले. “माफी माग! आधी माफी माग!”

“नाही मागत.”

“घरात राहाचं आहे ना तुले?”

“बाबा, तुम्ही एक वेळ हातात घेऊन पाहा ना! एक वेळ! त्याचे पाय धुता येतात तुमाले, अन् माहं एवढंसं ऐकता येत नाही?”

लोकेश पाटावरून उठला. जेवणाच्या पाटावरून जावई उपाशी उठला, तोही धोंड्याच्या जेवणातून. वनमालाबाई मटकन खालीच बसल्या आणि रडायला लागल्या.

“चोर बोल रही है मुझे,” लोकेशने शर्ट झटकला. “अरे मुझे क्या पता डिब्बे में क्या गया? पैक तो इसने किया था.” त्याने बोट दाखवलं ते राधिकाकडे. “इसी से पूछो. दिनभर दुकान में बैठी रहती है, एक काम ढंग का नहीं. चल राधिका. आज के बाद इस घर में पैर नहीं रखना.”

आता सगळे राधिकाकडे पाहायला लागले. शर्मिष्ठाचा राग क्षणात कुठे गेला आणि तिथे भीती येऊन बसली. आपण एका मशीनसाठी ताईचं घर मोडलं. ती जाईल आता, त्याच्यामागे, मान खाली घालून, आणि तिकडे हा माणूस आजचा सगळा सूड तिच्यावर काढेल.

राधिकाने तुपाची वाटी खाली ठेवली.

“मीच भरलं,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिने. “दुकानाच्या मागच्या खोलीत शटर लावून वर्षभर ते नाणे खणाले चालले हे कार्डं. रात्रंदिवस. यायनं मले पुसाले लावले, अन् डब्यात भराले लावले. मी वरून पुसलं. मधातलं नाही पुसलं.” ती शर्मिष्ठाकडे वळली. “तुले दिसलं पाहिजे म्हणून. मले तोंडानं सांगता येत नव्हतं. मले वाटलं, शर्मी खोलल्याबिगर राहाची नाही.”

“राधिका!” लोकेश म्हणाला. “ज़बान संभाल.”

“अन् बाबा, तुमाले कार्ड पाहाचं नसन तं नका पाहू.” तिने दोन्ही हात पुढे केले. पाटल्या मनगटावरून वर सरकवल्या. खाली दोन्हीकडे हिरवी कडी उमटली होती, कातडीत मुरलेली. “हे तं पाहा. आजीचं सोनं पालिशले म्हणून नेलं अन् हे आणून दिलं. मी विचारलं, तं मले काय म्हणाले मालूम आहे? सेम ही है.”

यशवंतरावांनी पुढे होऊन लेकीचा हात धरला. अंगठ्याने तो डाग पुसून पाहिला. परत पुसून पाहिला. मग त्यांनी लोकेशकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून शिवी निघाली, वर्ध्याकडची, रेल्वेत शिकलेली, पोरींसमोर आजवर कधी न दिलेली. “चालता हो,” ते म्हणाले. “चालता हो माह्या घरातून, नाहीतं ज्या ताम्हनानं पाय धुतले ना, तेच डोक्यात घालतो!”

लोकेश काहीतरी बोलत होता. धंद्यात वरखाली होतं, त्या नाण्यांमध्ये पैसा अडकला, सोना छुड़ा लूँगा पापाजी, सेम टू सेम बनवा दूँगा. कोणी ऐकत नव्हतं. शेवटी तो चपला घालून दारापर्यंत गेला, तिथे एकदा थांबला. “चल रही है या नहीं?”

राधिकाने ताटातला पॉवर सप्लाय उचलून बाजूला ठेवला, सांडलेलं वरण फडक्याने पुसून काढलं, आणि पाटावर बसली. जावयाच्या पाटावर, रांगोळीच्या मधोमध, मांडी घालून.

“आई, वाढ,” ती म्हणाली. “भूक लागली.”

“अव, हा जवायाचा पाट व बाई...” वनमालाबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या.

“मालूम आहे मले.”

बाहेर गाडी सुरू झाली आणि रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये तिचा आवाज मिसळून गेला.

सकाळपासून शर्मिष्ठाला वाटत होतं की जगातली सगळ्यात मोठी फसवणूक तिचीच झाली आहे. एका डब्यासाठी तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आणि ताई इतके दिवस पितळ घालून याच घरात येत होती, आई त्याच पाटल्यांचं कौतुक करत होती, आणि ही हात मागे घेत होती. आपण कार्डातली धूळ ओळखली. ताईच्या मनगटावरचा डाग मात्र पाहून सोडून दिला. भांड्याच्या पावडरीचा म्हणाली, आणि आपण मानलं. तिला लोकेशचा राग आला, बाबांचा आला, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तिने स्वच्छ ताट आणलं आणि ताईपुढे मांडलं.

वनमालाबाईंनी पुरणपोळी वाढली, भात वाढला, अनारसे वाढले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ताटातली लिंबाची फोड उचलली, राधिकाचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, पाटली उतरवली आणि त्या हिरव्या कड्यावर लिंबू घासायला लागल्या. घासत राहिल्या. कातडी लाल झाली, पण डाग काही हटेना. रस मनगटावरून ओघळून साडीवर पडत होता.

राधिकाने उजव्या हाताने पुरणपोळीचा तुकडा मोडला.

“राहू दे ना व आई,” ती म्हणाली. “निंगन तो हळूहळू. तू आधी तूप वाढ.”